मातीचा तट तोफेला का भारी पडतो

खानदेशातल्या बऱ्याच जुन्या गावांत अजून गढ्या उभ्या आहेत. बहुतेक अर्ध्या ढासळलेल्या, वर बाभळी उगवलेल्या. उन्हाळ्यात त्यांना जेसीबी लागतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरतात. कोणी ती पांढरी माती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, टाकायला नेतो, कोणी शेतात. हटकलं तर उत्तर ठरलेलं असतं: मातीचीच तर आहे, किल्ला थोडाच आहे! दगड म्हणजे पक्कं आणि माती म्हणजे कच्चं, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे. तोफेसमोर मात्र हे गणित उलटं होतं.

अठरा पौंडी तोफेचा लोखंडी गोळा साधारण ८ किलोचा. तोंडातून निघताना त्याचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या घरात. शाळेतलं सूत्र लावा: वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. ऊर्जा येते ६,४०,००० ज्यूल. ही ऊर्जा तटाला कुठेतरी जिरवावीच लागते. गोळा अर्ध्या मीटरमध्ये थांबवला, तर तटावर सरासरी १२,८०,००० न्यूटन बळ येतं, म्हणजे जवळजवळ १३० टनांचं वजन. तोच गोळा अडीच मीटर आत येऊ दिला, तर हे बळ पाचपट कमी होतं. वेगात आलेला झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो, त्यामागचं गणित हेच. दगड हात मागे नेत नाही, माती नेते.

पण खरी गंमत याच्या पुढे आहे. दगड दाब सहन करायला पटाईत आणि ओढ सहन करायला कच्चा. त्याची ओढ पेलण्याची ताकद दाब पेलण्याच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा असते. गोळा आदळला की तटातून दाबाची लाट निघते. घट्ट काळ्या पाषाणात ती सेकंदाला काही किलोमीटर वेगाने धावते आणि चिरेबंदीच्या मागच्या बाजूला पोचते. तिथे पुढे फक्त हवा. लाट परत फिरते, आणि फिरताना दाबाची लाट ओढीची होते. दगडाची नेमकी कमजोर बाजू! समोरून मार बसतो आणि कपच्या मागून उडतात. रणगाडे फोडण्यासाठी याच तत्त्वावर चालणारे गोळे विसाव्या शतकात बनवले गेले: चिलखताला भोक न पाडता आतल्या बाजूचं पोलाद उडवणारे.

मातीत ही लाट नीट चालतच नाही. कण सुटे, मधे हवेच्या पोकळ्या. प्रत्येक पोकळी चेपताना आणि प्रत्येक कण दुसऱ्यावर घासताना थोडी ऊर्जा उष्णता होऊन संपते. शिवाय दगडात तडा एका टोकाकडून दुसरीकडे धावतो, तसा सुट्या कणांत धावू शकत नाही, कारण तडा जायला आधी काहीतरी अखंड असावं लागतं.

यातला माझा सगळ्यात आवडता भाग झाँ-व्हिक्तोर पाँसले या फ्रेंच लष्करी अभियंत्याचा. नेपोलियनच्या १८१२ च्या रशिया स्वारीत हा कैदी झाला, कैदेत त्याने भूमितीवर मूलभूत काम केलं आणि पुढे मेत्झच्या लष्करी शाळेत शिकवलं. त्याच्या नावाने ओळखलं जाणारं समीकरण सांगतं की, गोळ्याला मातीचा विरोध दोन तुकड्यांचा असतो. एक तुकडा स्थिर: कणांचं घर्षण आणि चिकटपणा. दुसरा वेगाच्या वर्गाबरोबर वाढणारा, कारण पुढे सरकायचं तर गोळ्याला वाटेतली माती बाजूला फेकावी लागते आणि त्या मातीला स्वतःचं जडत्व असतं. म्हणजे तुम्ही जितक्या जोरात माराल, तितक्या जोरात माती अडवते. हे समीकरण सोडवलं की खोली लॉगॅरिदमने वाढताना दिसते (संख्या गुणाकाराने वाढली तरी तिचा लॉगॅरिदम बेरजेनेच वाढतो). समजा, सुरुवातीला वेगाचा तुकडा स्थिर तुकड्याच्या दुप्पट आहे. वेग दुप्पट केला की तो आठपट होतो. खोली ठरते आधी ३ च्या (१ + २) लॉगॅरिदमवर आणि मग ९ च्या (१ + ८). ९ म्हणजे ३ चा वर्ग, म्हणून लॉगॅरिदम बरोबर दुप्पट. ऊर्जा चौपट ओतली, खोली फक्त दुप्पट मिळाली. वेग त्याहून वाढवत गेलात, तर पदरात आणखी कमी पडतं. म्हणूनच आजही सैन्याच्या मोर्चांवर वाळूची पोती असतात. जवळून झाडलेली रायफलची गोळी वाळूत कधीकधी लांबून आलेल्या गोळीपेक्षा कमी खोल जाते, कारण जास्त वेगात ती स्वतःच चेपते, तुटते.

भगदाड पाडायची रीतही मातीत फसते. दगडी तटाला तोफा आधी पायथ्याजवळ आडवी चीर पाडतात, मग उभ्या चिरा. वरचा भाग स्वतःच्या वजनाने कोसळतो आणि चढायला उतार तयार होतो. मातीत पडलेलं भोक वरून घसरलेल्या मातीने पुन्हा भरतं.

राजस्थानातल्या भरतपूरला १८०५ मध्ये इंग्रजांच्या जनरल लेकने चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा मार खाल्ला. इंग्रजांची ३,००० हून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. लेककडे जड तोफा पुरेशा नव्हत्या हेही खरं, पण मातीच्या जाड तटाने त्याचे गोळे गिळले हेही तितकंच खरं. अमेरिकेच्या यादवी युद्धात तर जणू प्रयोगच झाला. १८६२ मध्ये फोर्ट पुलास्कीच्या विटांच्या भिंती आटे पाडलेल्या नळीच्या तोफांनी दीड दिवसाच्या आत फोडल्या. पुढच्याच वर्षी वाळू-मातीचा फोर्ट वॅग्नर जबर मारा सोसून जवळजवळ दोन महिने टिकला.

व्हॉट्सॅपवर फिरतं की आपल्या किल्ल्यांच्या चुन्यात गूळ आणि उडीद होते, म्हणून ते तोफेला अभेद्य होते. असे पदार्थ चुन्याचे गुण सुधारतात, त्यावर संशोधनही झालेलं आहे. पण चुना दगडाइतका कठीण झाला, तर तडा सांध्यात न अडता सरळ पार जातो. अभेद्यपणा त्यातून येत नाही. आणि गढीच्या पायात बळी दिला म्हणून बुरूज टिकला, आत धन आहे, नाग राखण करतो, या गोष्टी ऐकून रात्री खड्डे खणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. बुरूज टिकतो तो घर्षणामुळे.

आपल्याकडे कोणतीही माती मात्र चालत नाही. तापीकाठची काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिचा तट पहिल्याच वर्षी फाटेल. पांढरी माती फारशी फुगत नाही, म्हणून धाबं तिचंच आणि गढीही तिचीच. पाणी मातीचा शत्रूच. पण धुळे-जळगावच्या सपाटीवर वर्षाला ६००-७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दरवर्षी लिंपण केलं की तट तग धरतो. कोकणात हे जमलं नसतं.

तोफेला तोंड देणारा तट मग पडतो कसा? बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी बाजूने. भरतपूर १८२६ मध्ये घेतलं ते तटाखाली सुरुंग लावून. खानदेशातल्या थाळनेरला १८१८ मध्ये लढाई झाली ती दरवाज्यात. त्याच वर्षी मालेगावला, जे तेव्हा खानदेशात मोडत होतं, किल्ल्यातल्या अरब शिबंदीने, म्हणजे पगारी सैनिकांनी, मेअखेरचा हल्ला परतवला आणि इंग्रजांना आणखी कुमक मागवावी लागली. जूनमध्ये उखळी तोफांचे गोळे तटाच्या वरून आत पडले, दारूकोठार उडालं आणि त्या स्फोटाने तटाला आतून भगदाड पाडलं. दोनच दिवसांत शिबंदीने किल्ला सोडला.