हॅसवेलला जुना एसएमपीएस चालत नाही म्हणे!

सेकंडहँड चौथ्या जनरेशनचा इंटेल आय-५, म्हणजेच हॅसवेल प्रोसेसर घेतला की अजूनही कोणीतरी सांगतंच, जुना एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) काढून टाक, हॅसवेल त्यावर चालूच होत नाही. अहो होतो की! २०१३ मध्ये हॅसवेल आला तेव्हापासूनची ही अफवा, आणि तिच्यात खरं आहे ते एवढंच, की सी६/सी७ या गाढ झोपेच्या मोडमध्ये हा प्रोसेसर १२ व्होल्टवर फक्त ०.०५ अँपिअरपर्यंत खाली येऊ शकतो, आधीच्या प्रोसेसरना किमान ०.५ धरलेले असायचे. आता जुन्या स्वस्त एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकत्रच सांभाळले जातात, त्यामुळे १२ वर लोड जवळपास संपला की तिथलं व्होल्टेज वर सरकतं आणि कधीकधी प्रोटेक्शन लागून पीसी बंद. तेही नुसता पडून असताना, गेम खेळताना नाही! शिवाय फॅन, हार्डडिस्क १२ व्होल्ट खातातच, म्हणून बहुतेकांना काही जाणवतच नाही. एसएमपीएस डीसी-टू-डीसीवाला, म्हणजे १२ आणि ५ व्होल्ट वेगवेगळे सांभाळणारा असेल तर विषयच नाही. आणि खरंच त्रास झाला तर बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सी६/सी७ डिसेबल करा, फुकटात काम. गेम लावल्यावर बंद पडत असेल तर मात्र सी७ला शिव्या देऊ नका, एसएमपीएसची १२ व्होल्टची ताकद आणि कूलर बघा.