काचेवरचं धुकं आणि ए.सी.चं बटण

डिसेंबर अर्धा सरला की ग्वाल्हेरात कोहरा उतरतो आणि पुरानी छावणीच्या पुढे आग्र्याकडचा हमरस्ता दिसेनासा होतो. बाहेरच्या धुक्यावर आपल्याकडे इलाज नाही. गाडीच्या आत काचेवर जमणाऱ्या धुक्यावर मात्र आहे. तो समोर डॅशबोर्डवर असूनही वापरला जात नाही, याची मला दर हिवाळ्यात हळहळ वाटते. तानसेन समारोह संपवून रात्री हजीऱ्याहून लष्करकडे निघालेल्या गाड्या पाहा. आत शाली लपेटलेली चार-पाच माणसं, काचा घट्ट बंद. पुढे बसलेला मफलरच्या टोकाने काच पुसतो आणि पुसलेली जागा हात काढेपर्यंत पुन्हा पांढरी होते. ए.सी. लावा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "अहो, या थंडीत ए.सी.?"

हो, थंडीतच. ए.सी. हवा गार करतो तशी कोरडीही करतो, आणि मुळात तो जन्मला हवा कोरडी करण्यासाठीच. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा, आकसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जागचे हलायचे. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने गार नळ्यांवरून हवा खेळवून तिच्यातलं पाणी काढायची योजना आखली. माणसांच्या गारव्याचा विचार पुढचा. मोटारीत ए.सी. आणला पॅकार्ड कंपनीने, 1940च्या मॉडेलमध्ये. तेव्हा कॉम्प्रेसरला, म्हणजे ए.सी.तला वायू दाबणाऱ्या पंपाला, इंजिनापासून सोडवणारा क्लच नव्हता. बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टाच उतरवावा लागे.

आता गाडीच्या आतला हिशोब मांडू. 10 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जेमतेम साडेनऊ ग्रॅम वाफ मावते. 30 अंशांना सुमारे 30 ग्रॅम. छोट्या गाडीत तीनेक घनमीटर हवा असते. म्हणजे थंड गाडीत वाफेला जागा साधारण 28 ग्रॅमची, आणि तीही आधीच निम्मी भरलेली. एक माणूस श्वासातून आणि त्वचेतून ताशी 40-50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघं बसली की पाच-सात मिनिटांत जागा संपते. उरलेली वाफ सगळ्यात गार पृष्ठभाग शोधते, आणि तो असतो समोरची काच. ही वाफ बाहेर काढल्याशिवाय पुसण्याला काही अर्थ नाही.

ती काढते डॅशबोर्डच्या मागे बसवलेली कूलिंग कॉइल. तिच्यात जे घडतं ते मला फार सुंदर वाटतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-134ए नावाचा वायू असतो. उघड्यावर सोडला तर तो उणे 26 अंशांनाच उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर त्याची उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो आणि वायूचा द्रव होतो. मे महिन्यात ग्वाल्हेरात बाहेरच 45 अंश असतात. तेव्हा उष्णता बाहेर जायची तर कंडेन्सर त्याहून तापलेला हवा, समजा 60 अंश, आणि त्या तापमानाला द्रव व्हायला या वायूला सुमारे 17 बार दाब लागतो. मग हा द्रव एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून कॉइलमध्ये शिरतो आणि दाब एकदम 3 बारच्या आसपास पडतो. कुकरमध्ये दाब वाढवून आपण पाण्याचा उत्कलनबिंदू 100च्या वर नेतो. इथे दाब पाडून या द्रवाचा उत्कलनबिंदू शून्य अंशांच्या जवळ आणला जातो. द्रव उकळू लागतो. उकळायला किलोमागे सुमारे 200 किलोज्यूल उष्णता लागते आणि ती तो कॉइलवरून जाणाऱ्या हवेतून घेतो. कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून तिचं तापमान शून्याच्या जरा वरच, तीन-चार अंशांवर राखतात.

अशा कॉइलवरून गेलेल्या हवेत घनमीटरला सहा-साडेसहा ग्रॅमच वाफ उरते. बाकीचं पाणी कॉइलच्या पत्र्यांवर थेंब धरून एका नळीतून रस्त्यावर पडतं. उभ्या गाडीखाली दिसणारं थारोळं हेच.

पुढचा भाग थंडीतला. ही कोरडी, गार हवा तशीच तोंडावर येत नाही. त्याच खोक्यात कॉइलच्या पुढे हीटर असतो. इंजिनाभोवती फिरून नव्वदेक अंशांपर्यंत तापलेला कूलंट त्यातून वाहतो. पेट्रोलच्या ऊर्जेचा लहान हिस्साच चाकांना मिळतो, बाकी उष्णता वायाच जाणार असते. तिच्यातली थोडी इथे कामी येते. आधी कॉइल, मग हीटर, असा हवेचा क्रम. साडेसहा ग्रॅमची हवा 25 अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता 30 टक्क्यांच्या आत येते. अशी हवा काचेवर सोडली की काच पाहता पाहता स्वच्छ होते. ए.सी. आणि हीटर एकाच वेळी लावणं म्हणूनच बरोबर आहे. पुढच्या काचेवरचं धुकं घालवणारं बटण दाबलं की अनेक गाड्या ए.सी. आपणहून सुरू करतात, ते याचसाठी.

पहाटे पारा चार-पाच अंशांवर असेल तर बाहेरच्या हवेतच वाफ इतकी कमी असते की कॉइलला काढायला काही उरत नाही, आणि पारा शून्याकडे गेला तर बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर लागतही नाही. तेव्हा बाहेरची हवा आणि हीटर एवढं पुरतं. आतलीच हवा फिरवणारं रिसर्क्युलेशन मात्र बंद हवं. ऊब टिकावी म्हणून लोक नेमकं तेच चालू ठेवतात.

व्हॉट्सॲपवर दर उन्हाळ्यात फिरणारा एक निरोप इथेच निकालात काढतो: गाडीत बसल्याबरोबर ए.सी. लावला तर डॅशबोर्डमधून बेंझीन निघून कर्करोग होतो. त्यातल्या आकड्यांना काही आधार नाही, कृपा करून तो पुढे पाठवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या काचा आधी मिनिटभर उघडाव्यात हे बरोबर, पण ते आतली तापलेली हवा बाहेर जावी म्हणून.

जुलैत सगळं उलटतं. बाहेर 25 अंशांच्या ओल्या हवेत घनमीटरला 23 ग्रॅमपर्यंत वाफ असते आणि ए.सी.च्या झोताने काच गार पडली की धुकं बाहेरच्या बाजूला धरतं. तिथे आतून पुसून उपयोग नाही. वायपर फिरवा, झोत काचेवरून वळवा आणि गारवा दोन अंश कमी करा.