काउंटीचं बजेट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे

‘जूनमध्ये बजेट पास झालं, आता वर्षभर काही होणार नाही,’ असं कॅलिफोर्नियातल्या काउंट्यांबद्दल (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) सर्रास बोललं जातं. सांताक्लारात घर घेतलेली आपली मंडळीही मान डोलावतात. तसं नाही.

आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. ३० जूनपर्यंत सुपरवायझर मंडळ, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणारं निवडून आलेलं मंडळ, मंजूर करतं ते शिफारस केलेलं बजेट. म्हणजे गाडा थांबू नये एवढ्यापुरती सोय. जाहीर सुनावणी घेऊन अंतिम बजेट स्वीकारायला कायदा २ ऑक्टोबरपर्यंत मुदत देतो. ऑगस्ट-सप्टेंबरात गेल्या वर्षाची खरी शिल्लक कळते आणि जूनचे आकडे हलतात.

पुढेही दार बंद नसतं, फक्त उंबरठा उंच होतो. समजा, राज्याकडून अनपेक्षित अनुदान आलं. ते खर्चाला लावायचं, किंवा आकस्मिक निधीला हात घालायचा, तर चार-पंचमांश मतं लागतात. बहुतेक मंडळांत पाचच सदस्य, म्हणजे चौघांचा होकार हवा. दोघं अडून बसले की संपलं! एकाच खात्यातली, एकूण रक्कम न वाढवणारी फिरवाफिरव मात्र मंडळाने अधिकार दिले असतील तर प्रशासकही उरकतो.

तेव्हा तुमच्या वाचनालयाचे तास जूनमध्ये कापले असतील, तर अंतिम बजेटच्या सुनावणीला जा.