हातावरचा डाग नको, म्हणून लस नको

ऑगस्ट 2022. अमेरिकेत एमपॉक्सची (तेव्हाचं नाव मंकीपॉक्स) साथ पसरत होती आणि लस पुरत नव्हती. तेव्हा तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने लस वेगळ्या पद्धतीने टोचायला परवानगी दिली. सुई खोल न घालता त्वचेच्या थरातच द्यायची, आपल्याकडे बाळांना बीसीजी देतात तशी. मग 0.5 ऐवजी 0.1 मिलिलिटर पुरते आणि एका कुपीत पाच जणांपर्यंत भागतं.

विज्ञान चोख होतं. अडचण आली जागेची. लस टोचायची हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली. तिथे लाल गांधी उठायची आणि काहींचा डाग आठवडेच्या आठवडे जायचा नाही. ही लस मुख्यतः समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांना मिळते, हे तर बातम्यांमधून सगळ्यांना कळलेलं. अर्ध्या बाहीचा शर्ट घालून कामावर गेलं की न बोलताच सगळं उघड! लोक लस टाळू लागले. शेवटी सप्टेंबरअखेर सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, खांद्यावर किंवा पाठीच्या वरच्या भागात टोचायची मुभा दिली. एका डागापायी राष्ट्रीय लसीकरणाचे नियम बदलावे लागले.

त्या उन्हाळ्यात रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते, पण त्यांच्या वाट्याला आलेले डोस होते दहाएक टक्के.

एचआयव्हीची गोष्ट याहून जुनी. 2016 मध्ये सीडीसीने अंदाज मांडला होता, की तेव्हाचे दर तसेच राहिले तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या दर दोन कृष्णवर्णीय पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचं निदान होईल. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण अकरात एक. ‘बेफिकीर असतील’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात, पण तो चुकीचा आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा जोडीदारांची संख्या किंवा कंडोमचा वापर यात हे पुरुष गोऱ्यांपेक्षा जास्त धोका पत्करताना दिसले नाहीत. फरक आहे तो आजूबाजूच्या परिस्थितीत. त्यांच्या वर्तुळात विषाणूचं प्रमाण आधीच जास्त, निदान उशिरा, उपचार अपुरे. त्यामुळे तेवढ्याच संबंधांतून लागण होण्याची शक्यता वाढते.

यावर 2012 पासून ‘प्रेप’ची गोळी आहे. नियमित घेतली तर संबंधातून होणारी लागण जवळपास 99 टक्के टळते. मात्र पहिली मान्यताप्राप्त निळी गोळी, त्रुवाडा, ही एचआयव्हीच्या उपचारातही वापरली जाते. खोलीतल्या मित्राला किंवा आईला ती बाटली सापडली, तर ‘याला एचआयव्ही झालाय’ असाच समज होणार. शिवाय अमेरिकेत 26 वर्षांपर्यंत मुलं आईवडिलांच्या विम्यावर राहू शकतात आणि खर्चाचा तपशील घरच्या पत्त्यावर जाऊ शकतो. हे सगळं टाळायचा सोपा मार्ग म्हणजे गोळी न मागणं.

आरोग्यव्यवस्थेवरच्या अविश्वासाचा विषय निघाला की टस्कीगीचं नाव येतंच. 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं अलाबामात शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचाराविना नुसता न्याहाळला गेला, पेनिसिलिन हाती असतानाही. इतिहास खरा आहे, पण सगळा दोष त्याच्यावर ढकलला की आजचे दवाखाने अलगद सुटतात, असं मला वाटतं. कारण वागणूक बदलली की चित्रही बदलतं. वॉशिंग्टन, लॉस एंजेलिस आणि चॅपल हिल इथे झालेल्या एचपीटीएन 073 या अभ्यासात 226 कृष्णवर्णीय पुरुषांना प्रेपसोबत प्रत्येकाच्या अडचणीनुसार समुपदेशन आणि मदत दिली. घेण्याची सक्ती नव्हती. तरी 79 टक्क्यांनी ती सुरू केली.

जून 2025 मध्ये लेनाकापाविर या इंजेक्शनलाही प्रतिबंधासाठी मान्यता मिळाली. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं; घरात लपवायला बाटली नाही. टोचल्या जागी गाठ राहू शकते, पण ती सहसा हातालाच लागते, डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेतली छापील किंमत वर्षाला 28,000 डॉलरहून अधिक. आणि एचआयव्हीची निम्मी नवी निदानं ज्या दक्षिणेत होतात, तिथल्या टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांनी गरिबांसाठीच्या सरकारी विम्याचा विस्तार अजून केलेला नाही.