संथ मालिका

संथ मालिका : घटनांपेक्षा माणसांना, त्यांच्या गप्प बसण्याला आणि भोवतालाला जास्त वेळ देणारी कथामालिका. बोलताना लोक ‘स्लो’ किंवा ‘स्लो बर्न’ म्हणतात. आवडली नाही तर ‘रटाळ’. ठाणे आणि नवी मुंबईतील मराठी प्रेक्षकांत अशा मालिकांवरून चालणारा वाद बहुधा एकाच प्रश्नावर येतो : चिकाटीने पाहत राहिले तर हाती काही लागते का?

त्याआधी ‘संथ’ आणि ‘पाणी घातलेली’ यांत फरक करायला हवा. संथ मालिकेत घटना थोड्या असल्या तरी प्रत्येक प्रसंगानंतर त्या माणसाविषयीचे आपले मत जरासे सरकलेले असते. पाणी घातलेल्या मालिकेत घटनांची रेलचेल असते. अपघात होतो, स्मृती जाते, लग्न मांडवात मोडते. पण महिनाभराने पाहिले तरी माणसे जिथल्या तिथे असतात. म्हणून पाणी घातलेली मालिका वेगवान असू शकते आणि संथ मालिका घट्ट. पुष्कळ घरांतले भांडण हा भेद न केल्याने होते. एकजण संथपणाची बाजू घेतो, दुसरा पाणी घालण्यावर चिडलेला असतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

पाणी का घातले जाते, हे ठाणेकरांना जवळून कळते, कारण घोडबंदर रस्त्याच्या परिसरात अनेक मराठी मालिकांचे सेट आहेत. आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेहून अधिक. अर्ध्या तासातून जाहिराती वगळल्या की साधारण २२ मिनिटे उरतात आणि तेवढा मजकूर रोज चित्रित व्हावा लागतो. हाताशी तयार भागांची ‘बँक’ असली तर निभावते. नसली तर लिहिलेले दुसऱ्या दिवशी चित्रित होते आणि लगोलग प्रक्षेपित. एखादा कलाकार आजारी पडला किंवा त्याच्या तारखा जुळल्या नाहीत की लेखकाला उरलेल्या पात्रांना दिवाणखान्यात उभे करून झालेलीच गोष्ट पुन्हा बोलायला लावावी लागते. शिवाय दर आठवड्याचे टीआरपीचे आकडे असतात. ते चढले की संपत आलेला ट्रॅक, म्हणजे उपकथानक, लांबतो, पडले की मालिका ‘लीप’ घेते, म्हणजे कथा काही वर्षे पुढे उडी मारते. ‘चार दिवस सासूचे’ ही ई टीव्ही मराठीवरील मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग चालली. उलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षी संपवण्यात आली. आटोपशीरपणाचा दाखला म्हणून तिचे नाव आजही घेतले जाते.

हे सारे खरे असले तरी दैनंदिन मालिकेतल्या पुनरुक्तीला निव्वळ आळस म्हणणे अन्यायाचे आहे. संध्याकाळी सात ते दहा ही वेळ घरोघरी स्वयंपाकाची, डब्यांची, मुलांच्या अभ्यासाची. पोळ्या लाटणारी बाई पडद्याकडे पाठ करून मालिका ऐकत असते. तिच्यासाठी पात्रे एकमेकांना नावाने हाक मारतात, झालेले पुन्हा सांगतात, आणि रहस्य उलगडले की तीन चेहरे आळीपाळीने दाखवून पार्श्वसंगीत इतके वाढवले जाते की ती लाटणे ठेवून वळून पाहील. ही मालिका कानांसाठी रचलेली असते. संथ मालिका मात्र डोळ्यांसाठी असते. तिच्यात महत्त्वाची गोष्ट कुणी बोलत नाही. एखादे पात्र दाराशी थांबते आणि आत न जाता परत फिरते, एवढेच. पाठमोऱ्या प्रेक्षकाला तिथे काहीच घडत नाही. ‘या मालिकेत काही होतच नाही’ ही आईची तक्रार आणि ‘तू नीट बघतच नाहीस’ हे मुलाचे उत्तर यांच्यामागे ओटा आणि सोफा यांमधले अंतर आहे. धीराबद्दल बोलताना मोकळा वेळ कुणाला मिळतो, हेही पाहावे लागते.

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळातली मालिका आठवड्यातून एकदा यायची आणि पुष्कळदा १३ भागांत संपायची. १९९९ मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आली, ‘आभाळमाया’ने घरे बांधून ठेवली, आणि पुढे रोजचा भाग ही सवय झाली.

संथपणाचे समर्थन करताना ठाण्यातले जाणकार हमखास विलंबित ख्यालाकडे, म्हणजे शास्त्रीय संगीतातल्या संथ लयीच्या गायनाकडे वळतात, आणि ते साहजिक आहे. गायक पं. राम मराठे यांचे हे गाव. त्यांच्या नावाने महापालिका संगीत समारोह भरवते. अतिविलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, जवळजवळ मिनिटभर चालू शकते, तरी श्रोता कंटाळत नाही, कारण प्रत्येक आवर्तनाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येते. गायक कितीही दूर गेला तरी समेवर परत येणार हा विश्वास असतो आणि तो दर आवर्तनाला पाळला जातो. चांगल्या संथ मालिकेतही प्रत्येक भागाला अशी सम असते : एखादे वाक्य, एखादा निर्णय, कधी नुसती नजर. म्हणूनच ‘सहाव्या भागापासून पकड घेते’ ही शिफारस दुबळी आहे. पहिल्या पाच भागांत एकही सम नसेल तर तो विलंबित नव्हे, ती लांबण.

अमेरिकेतील ‘द वायर’ (२००२–२००८) हे या चर्चेतले नेहमीचे उदाहरण. बाल्टिमोर शहरावरची ही मालिका पाच पर्वे आणि ६० भागांची. जिच्यावरून नाव पडले ती फोन ऐकण्याची यंत्रणा उभी राहायलाच पहिल्या पर्वातले कित्येक भाग जातात. पण त्या भागांत पोलीस खात्यातली उतरंड आणि नाक्यावर अमली पदार्थ विकणाऱ्या पोरांची उतरंड अशी समोरासमोर मांडलेली आहे की पुढे एखादा पोरगा मारला जातो तेव्हा तो आकडा राहत नाही. ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकी मालिकेच्या २०१७ मधील पर्वात एक माणूस दोन मिनिटांहून अधिक वेळ बारची जमीन झाडतो. पुढच्या कथानकात त्या झाडण्याची परतफेड होत नाही. ज्यांना तो प्रसंग भावतो त्यांना तो तिथेच मिळालेला असतो. २०२५ मध्ये आलेल्या ‘प्लुरिबस’ या अमेरिकी मालिकेवर याच मुद्द्यावरून तट पडले : नायिका रिया सीहॉर्नला पडद्यावर एकटी ठेवून जाणारी लांब, निःशब्द दृश्ये ही एकाकीपणाची गोष्ट सांगण्याची रीत की नऊ भाग भरण्याची सोय? प्रस्तुत लेखकाचा कौल पहिल्या बाजूला आहे. पात्र एकटे पडल्याचे सांगणे सोपे असते. प्रेक्षकाला तो एकटेपणा वेळ देऊनच जाणवतो.

मराठीतही हे जमलेले आहे, आणि तेही रोजच्या मालिकेत. सिंधुदुर्गातील आकेरी येथे चित्रित झालेल्या ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या पर्वात (२०१६) अण्णा नाईक मेलेले आहेत. वाड्यात जमलेल्या घरच्यांच्या बोलण्यातून, त्यांच्या धास्तीतून ते हळूहळू उभे राहतात. २०१९ मध्ये दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवले, तेव्हा ज्यांनी पहिले पर्व धीराने पाहिले होते त्यांना अण्णा साकारणाऱ्या माधव अभ्यंकरांच्या पहिल्याच हास्यात पुढचे सगळे दिसत होते.

पाहणे सोडायचे कधी, यावर एकमत नाही. तीन भागांची मुदत अनेकजण देतात. ‘एवढं पाहिलंय तर संपवूनच टाकू’ हा विचार मात्र धीरात मोडत नाही. त्यात मालिकेवरचा विश्वास संपलेला असतो आणि फक्त खर्चलेल्या तासांची हळहळ उरते.

नवी मुंबईत नोकरी करणाऱ्या ठाणेकरांच्या बाबतीत पाहण्याची जागाच वेग ठरवते. ठाणे ते वाशी हा ट्रान्स-हार्बर लोकलचा प्रवास सुमारे अर्ध्या तासाचा. तेवढ्यात रोजच्या मालिकेचा एक भाग बसतो. तासाभराचा संथ भाग मात्र वाशी येईपर्यंत अर्धाच होतो, आणि पुष्कळजण मग दीडपट वेगाने पाहतात. तसे केले की ६० मिनिटांचा भाग ४० मिनिटांत संपतो, संवाद सगळे कळतात, पण दोन वाक्यांमधला थांबाही तितकाच आखडतो. ऐरोलीला उतरणारा आणि वाशीला उतरणारा दुसऱ्या दिवशी त्याच भागावर बोलू लागतात तेव्हा एकाने तो थांबा पाहिलेला असतो, दुसऱ्याने नाही.