फाइव्ह डी आणि मार्क टू: मधली तीन वर्षं

स्वस्तात फुल फ्रेम, म्हणजे रीळच्या चौकटीएवढा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) असलेला कॅमेरा, शोधणारा नागपूरचा हौशी फोटोग्राफर बहुतेक वेळा कॅननच्या दोन जुन्या बॉड्यांपाशी येऊन अडतो: फाइव्ह डी आणि फाइव्ह डी मार्क टू. फुल फ्रेम हवी कशाला, हे मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीच्या, दिवशी कळतं. इतवारी-महालच्या गल्ल्यांत त्या गर्दीत मागे सरकायला वीतभर जागा नसते. कॅननच्या लहान सेन्सरवर 24 मिलिमीटरची लेन्स 38 सारखी वागते, म्हणजे दृश्य अरुंद होतं, आणि बडग्याचा पुतळा अर्धा कापला जातो. 36 बाय 24 मिलिमीटरच्या सेन्सरवर ती रीळच्या कॅमेऱ्यावर होती तशीच राहते.

असा सेन्सर कॅननने 2002 मध्येच वन डीएसमध्ये दिला होता. पण चिप मोठी असली की सिलिकॉनच्या एका वेफरमधून (चकतीतून) थोड्याच निघतात, आणि एका डागापायी अख्खी चिप वाया जाते. त्यामुळे किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेर. ऑगस्ट 2005 मध्ये 12.8 मेगापिक्सेलचा फाइव्ह डी 3,299 डॉलरला जाहीर झाला. स्वस्त तोही नव्हता, पण लग्नं काढणारा माणूस निदान हिशेब मांडू लागला.

सप्टेंबर 2008 च्या मार्क टूमध्ये मेगापिक्सेल 21.1 झाले आणि नेहमीचा कमाल आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 1600 वरून 6400 वर गेला. सेन्सर स्वतःला झटकायलाही शिकला. फाइव्ह डीमध्ये ती सोय नाही. धुळीत लेन्स बदलली की एफ 16 ला (लेन्सचं भोक बारीक केलं की) आभाळात काळे ठिपके हमखास. फोकसचे बिंदू मात्र तेच नऊ! मांडवाच्या मंद उजेडात मधला सोडून बाकीच्यांवर मी तरी विसंबत नाही.

खरी उलथापालथ मार्क टूच्या व्हिडिओने केली. आधी सेकंदाला फक्त 30 फ्रेम आणि एक्स्पोजरही (किती उजेड घ्यायचा ते) कॅमेऱ्याच्याच मर्जीवर. आपल्या 50 हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकायचं. 2009 च्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने) एक्स्पोजर हातात दिलं, 2010 च्या फर्मवेअरने 24 आणि 25 फ्रेम.

फाइव्ह डीच्या रंगांत जादू आहे म्हणतात. मला ती बरीचशी आठवणींची वाटते. जुना घेताना आरसा बघावा, त्याची चिकटवण सुटते हे जगजाहीर आहे. मारबत दिवसाउजेडी निघते, तिथे 12.8 मेगापिक्सेल पुरतात. लग्नाची सुपारी घ्यायची असेल तर मार्क टूच.