दुर्बिणीच्या नळीत प्रकाश वळतो कसा?

‘डॉक्टरांनी दुर्बीण करायला सांगितलीय’ म्हटलं की घरातल्यांच्या डोळ्यांसमोर थेट ऑपरेशन थिएटर उभं राहतं. टाके किती पडतील, सुट्टी किती दिवसांची टाकायची, अशी चौकशी सुरू होते. पोटाला लहान छेद देऊन पित्ताशय किंवा अपेंडिक्स काढतात ती लॅप्रोस्कोपी, आणि ती शस्त्रक्रियाच असते. पण ‘दुर्बीण’ म्हणजे बहुधा एन्डोस्कोपी, आणि तिच्यात नळी शरीराच्या मूळच्या वाटांनीच आत जाते: तोंड, नाक, गुदद्वार, मूत्रमार्ग. जठराची साधी तपासणी घशात बधिरतेचा फवारा मारून काही मिनिटांत उरकते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो.

या तपासणीतली मला सर्वात विलक्षण वाटणारी गोष्ट आहे प्रकाशाची. १८६८ साली जर्मनीत अ‍ॅडॉल्फ कुसमाउल या डॉक्टरांनी जिवंत माणसाच्या जठरात डोकावण्याचा प्रयत्न केला. नळी सरळ आणि ताठ होती, म्हणून त्यांनी चक्क तलवार गिळून दाखवणारा कलावंत गाठला. नळी आत गेली, पण उजेड पुरेना. शरीरातली वाट वळणावळणांची आणि प्रकाश जातो सरळ रेषेत, ही खरी अडचण होती.

तिचं उत्तर दहावीच्या पुस्तकात आहे. प्रकाशकिरण काचेतून हवेकडे जाताना फार तिरपा आला, म्हणजे क्रांतिक कोनापेक्षा मोठ्या कोनात आला, तर बाहेर पडतच नाही. सगळाच्या सगळा परत आत फिरतो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. काचेचा केसाहून बारीक तंतू घेतला तर एका टोकातून शिरलेला किरण भिंतींवर आपटत, तंतूबरोबर वळत दुसऱ्या टोकाला पोचतो. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे लंडनमधले मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अशा तंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखवलं.

पण तंतू उघडे असले की एकमेकांना टेकतात आणि टेकल्या जागी प्रकाश शेजारच्या तंतूत झिरपतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात डॉक्टर बेसिल हिर्शोविट्झ यांच्या गटातला विद्यार्थी लॅरी कर्टिस याने १९५६च्या अखेरीस यावर तोड काढली: काचेच्या तंतूला काचेचंच आवरण, फक्त कमी अपवर्तनांकाच्या, म्हणजे प्रकाशाला कमी वळवणाऱ्या काचेचं. समजा, गाभ्याचा अपवर्तनांक १.६२ आणि आवरणाचा १.५२ आहे. १.५२ भागिले १.६२ म्हणजे सुमारे ०.९४, आणि ज्या कोनाची साइन ०.९४ असते तोच इथला क्रांतिक कोन, जवळपास ७० अंशांचा. म्हणजे भिंतीला काढलेल्या लंबाशी ७० अंशांहून जास्त कोन करणारे किरणच आत टिकतात. त्यासाठी तंतूच्या तोंडाशी ते अक्षाच्या साधारण ३४ अंशांच्या आत शिरायला हवेत. परावर्तन आता आतल्या आत, दोन काचांच्या सीमेवर होतं. बाहेरून कोण टेकलंय याचा त्याला फरक पडत नाही.

चित्र नेणाऱ्या जुडीला आणखी एक अट असते. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका वाहतो. दोन्ही टोकांना तंतूंची जागा तीच राहिली नाही तर ठिपके पोचतील, चित्र विस्कटेल. नुसता उजेड नेणाऱ्या जुडीला ही अट नाही. १९५७ साली हिर्शोविट्झ यांनी अशा जुड्यांची नळी आधी स्वतः गिळली, मग रुग्णाला दिली. आता चित्रासाठी टोकाशीच कॅमेऱ्याची चिप असते. आत उजेड मात्र अजूनही बहुतेक नळ्यांत काचतंतूच नेतात.

याच नळीची भावंडं वेगवेगळ्या वाटांनी जातात. गॅस्ट्रोस्कोपी अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात पाहते. कोलोनोस्कोपी मोठं आतडं पाहते. तिच्या आधी जुलाबाचं औषध घेऊन आतडं रिकामं करावं लागतं आणि ते नीट झालं नाही तर बारीक गाठी नजरेतून सुटतात. ब्रॉन्कोस्कोपी श्वासनलिकांसाठी, सिस्टोस्कोपी मूत्राशयासाठी. नळीतल्या बारीक मार्गातून चिमटा घालून तपासणीसाठी तुकडा घेता येतो, वाढलेली गाठ तारेच्या फासाने कापता येते, रक्तस्राव थांबवता येतो.

ईआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेची दुर्बीण, यातली अवघड. नळी लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेऊन पित्तनलिकेच्या तोंडातून आत शिरायचं, एक्स-रेखाली पाहत तिथे अडकलेला खडा ओढून काढायचा. यानंतर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून नुसतं पाहण्यासाठी ती सहसा करत नाहीत. पित्ताशयातले खडे मात्र तिने निघत नाहीत. आणि ऑलिव्ह तेल-लिंबाचा रस पिऊन खडे पडतात हा मोबाइलवर फिरणारा उपाय तर कृपा करून विसरा. एका बाईंचे असे ‘पडलेले खडे’ न्यूझीलंडमध्ये प्रयोगशाळेत तपासले, तो अहवाल २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हतं, बिलिरुबिन नव्हतं, कॅल्शियमही नव्हतं. प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण होऊन त्याच्या गोळ्या झाल्या होत्या. त्या बाईंचे खरे खडे शेवटी शस्त्रक्रियेनेच काढावे लागले.

लहान आतड्याचा मधला लांबलचक भाग नेहमीच्या नळ्यांच्या टप्प्याबाहेर राहतो. तिथे कॅप्सूल एन्डोस्कोपी कामी येते: सुमारे २६ मिलिमीटर लांबीची कॅमेऱ्याची गोळी गिळायची, ती आतड्याच्या हालचालीबरोबर पुढे सरकत फोटो पाठवत राहते. तिला तुकडा घेता येत नाही, मागे वळून पाहता येत नाही, आणि आतडं कुठे अरुंद झालं असेल तर ती तिथेच अडकू शकते.

तपासणी कुठलीही असो, रक्त पातळ करणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर ते डॉक्टरांना तारीख ठरवतानाच सांगा. औषध आपल्या मनाने बंद करू नका; कुठलं, किती दिवस आधी थांबवायचं की थांबवायचंच नाही, हे कुठली दुर्बीण आहे आणि आत काही कापायचं आहे का, यावर ठरतं.